अनुभव धागा: 'यांना घर देऊ नका' याद्या

पिंपळपान:
आज सोसायटीच्या ग्रुपवर पीडीएफ आली. 'यांना फ्लॅट देऊ नये.' फोटो, आधारची प्रत, ऑफिसचं नाव, एकाच्या बायकोचा नंबरसुद्धा. कारणं? एकाने 'भाडं थकवलं', दुसरा 'उद्धट', तिसऱ्याकडे 'रात्री मित्र येतात'. सगळे एकाच पंगतीत! मला आमचा पौड रोडचा फ्लॅट आठवला. सोडताना मालककाकांनी डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले, मी पावती मागितली. पुढचं घर बघायला गेलो तर एजंट म्हणतो, "ते भांडखोर तुम्हीच ना?" तेव्हा यादी नुसती तोंडी फिरायची. लिहा अनुभव, दोन्ही बाजूंचे.

डोंबिवलीची_मावशी:
यादी हवीच. अकरा महिने संपले तरी आमचे भाडेकरू हलेनात. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली अर्ज करा, मुदत संपल्यावर दुप्पट भाडं मागता येतं, सगळं कागदावर छान. माझं घर त्या भाड्यावर चालायचं हो. गेले तेव्हा ट्यूबलाइटचे चोकपण काढून नेले.

गवती_चहा:
चोक?? 😂 सॉरी मावशी

डोंबिवलीची_मावशी:
हस बाबा. तुळसही नेली. कुंडी ठेवली!

सासरवाशीण:
ह्यांचं आडनाव पाटील. यादीतला पाटील वेगळाच, पण एजंट फोनच उचलेना. अहो, कोल्हापुरात दगड मारला तरी पाटलालाच लागतो. कुकर लावलाय, उरलेलं नंतर.

कायदेकिडा:
नुसतं 'खरं आहे' म्हणून सुटका नाही. न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद आहे. खरेपणाच्या जोडीला लोकहितही दाखवावं लागतं. आधार दिलं ते पोलीस व्हेरिफिकेशनला, ग्रुपला नाही. आणि मालकांनो, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार नोंदवणं तुमचं काम. नोंदवला नाहीत तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच आधी खरं धरतात.

गवती_चहा:
आमच्या कॉलेजात उलटी यादी होती, डिपॉझिट खाणाऱ्या मालकांची. फार उपयोगी पडली. पण त्यात एका काकूंचं नाव होतं, का तर दहानंतर गेट बंद करायच्या. लिहिणारा बाइक भिंतीला घासून आलेला, हे सगळ्या होस्टेलला माहीत. नाव पुसलं कुणीच नाही.

थेम्सकाठी:
लंडनमध्ये महापौरांच्या साइटवर अशा मालकांची नावं बघता येतात. पण दंड किंवा शिक्षा झालेल्यांचीच. आधी निकाल, मग नाव. आपल्याकडे सेक्रेटरीच कोर्ट.

डोंबिवलीची_मावशी:
निकाल लागेपर्यंत थांबायचं तर मग झालंच.

कायदेकिडा:
मावशी, हे मात्र खरं. उशिराला माझ्याकडे उत्तर नाही. पण आधीच्या मालकाला फोन करून विचारा ना. एकाने एकाला विचारणं वेगळं, दोनशे जणांत फोटो टाकणं वेगळं.

सासरवाशीण:
आले. काय बोलत होते? हां, शेवटी ओळखीच्यांकडूनच घर मिळालं. एजंटाला दमडी दिली नाही.

पिंपळपान:
सेक्रेटरींना फोन केला. म्हणाले, "आधार आणि नंबर काढतो. 'उद्धट' राहू दे."

गवती_चहा:
😂😂 बरं, कोथरूडात कुणाकडे वन बीएचके? बॅचलर आहे, पण मित्र कमी आहेत.

सासरवाशीण:
जावेचा आहे. व्यनि (खाजगी मेसेज) करते. पाणी एकच वेळ येतं, आधीच सांगते.