माणूस पुढारलेला, परग्रहवासी मागे : तेव्हा तुम्ही कुणाच्या बाजूचे?

तबकड्या आकाशातून येतात, त्यांच्याकडे आपल्यापेक्षा भारी यंत्रं असतात आणि आपण गोंधळून वर बघत बसतो, हे सगळं वाचून-बघून झालंय. मला उलट्या गोष्टी आवडतात. यान आपलं, बंदूक आपली आणि समोरचा भाला घेऊन उभा. अशी गोष्ट वाचताना-बघताना तुम्ही कुणाच्या बाजूला होतात? का? सारांश नको, तो कुठेही मिळतो. तुमचं काय झालं ते लिहा. 'अवतार' चालेल, पण सगळ्यांनी त्याच्यावरच तुटून पडू नये ही विनंती.

सातारा

विनंती पहिल्याच फटक्यात मोडतोय. आमचं मूळ गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली आहे. २००९ साली 'अवतार' आला तेव्हा तो मी मित्रांबरोबर थ्रीडी चष्मा लावून पाहिला आणि तरंगते डोंगर बघून वेडा झालो. खरा सिनेमा मात्र नंतर टीव्हीवर हिंदीत लागला तेव्हा कळला, कारण शेजारी आजोबा होते.

निळी दहा फुटी माणसं, उडते प्राणी, याचं त्यांना काही नवल नव्हतं. पण नावींच्या, म्हणजे त्या निळ्या माणसांच्या, झाडाखालीच खनिजाचा सगळ्यात मोठा साठा आहे असं खाण कंपनीचा माणूस सांगतो ना, तिथं ते सावरून बसले. "मोजणी झाली का?" मी म्हटलं, कसली मोजणी आबा, परग्रह आहे तो. "मग नोटीस तरी लागली असंल." झाड पडलं, सगळे रडत पळतायत, आणि आबा विचारतात, "आता ह्यांना जमीन कुठं देणार?" पुनर्वसनाच्या कागदांची पिशवी आजही आमच्या कपाटात आहे, त्यामुळे मला हसू आलं नाही.

शेवटी माणसांना हाकलून देतात, ते बघून म्हणाले, "हे काय खरं न्हाय," आणि जेवायला उठले.

नागपूर

वकिली करतो, म्हणून माझी गोष्ट कोर्टातली. एच. बीम पायपरची 'लिटल फझी', १९६२ची. एका ग्रहाची सनद कंपनीच्या हातात आहे, पण तिथे बुद्धिमान जीव नाहीत या अटीवर. मग एका खनिज शोधणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरात सोनेरी केसांचं, मांजरापेक्षा थोडं मोठं काहीतरी शिरतं. ते लाकडाच्या हत्याराने कोळंबीसारखे किडे फोडून खातं. म्हातारा त्याला यानातलं आणीबाणीचं डबाबंद खाणं देतो, आणि ते त्याला इतकं आवडतं की पुढे सगळी फझी जमात त्यावर जीव टाकते.

खटला उभा राहतो तो एका फझीला माणसाने लाथांनी तुडवून मारल्यावर. खून, की नुसतं जनावर मेलं? ढोबळ नियम असा, की जो बोलतो आणि विस्तव पेटवतो तो बुद्धिमान. फझी विस्तव पेटवत नाहीत. बोलतात, पण माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या पट्टीत. म्हणजे परीक्षा घेणाराच बहिरा.

हे मी वाचलं तेव्हा ज्युनियर होतो आणि वनहक्काचे दावे बघत होतो. २००६च्या कायद्यात अनुसूचित जमातीबाहेरच्या वनवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. नियमांत वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा धरलाय, पण फाईल वर गेली की कुणीतरी 'लेखी काय आहे?' असं विचारतंच. जंगलात राहणाऱ्या माणसाकडे आजोबाच्या काळातली पावती कुठून असणार! तेव्हापासून पायपरची ती परीक्षा माझ्या डोक्यातून गेली नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. निकाल फझींच्या बाजूने लागतो आणि मग सरकार त्यांचं पालक होतं, माणसं त्यांना दत्तक घेतात. सगळे खूश. सातबाऱ्यावर अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन वारसाचा पालक, म्हणून भलत्याचंच नाव चढलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की मला खूश होता आलं नाही.

ठाणे

लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' ही अंतराळयानाची मालिका. त्या यानवाल्यांचा नियम, मागासलेल्या ग्रहाच्या कारभारात ढवळाढवळ करायची नाही, आणि कप्तान कर्क साहेब येता-जाता तो मोडणार. एका भागात आधीच्या यानाने विसरलेल्या एका पुस्तकावरून अख्खा ग्रह शिकागोच्या गुंडांची नक्कल करत असतो. ते सगळं निस्तरून निघताना यानाचा डॉक्टर आपला कम्युनिकेटर, म्हणजे बोलायचं यंत्र, तिथेच विसरतो! आम्ही भावंडं लोळलो होतो. मी कुणाच्या बाजूने म्हणाल तर त्या ग्रहवाल्यांच्या. त्यांना पुढे काय काय सापडलं असेल!

पुणे, पूर्वी पोर्ट ब्लेअर

नवऱ्याची बदली झाली म्हणून अंदमानात होतो. उत्तरेकडे जाणारा ट्रंक रोड जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या ताफ्यासाठी थांबतात. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, खायला द्यायचं नाही, सगळं बजावून सांगतात. आमच्या मागच्या गाडीतल्या बाईंनी तरी बिस्किटांचा पुडा काढून मांडीवर ठेवलाच होता. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला आणखी बोचलं.

त्याच दिवसांत उर्सुला ले ग्विनची १९७२ची 'द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट' वाचली. पृथ्वीवर लाकूड उरलेलं नाही, म्हणून माणसं अथ्शी नावाच्या ग्रहावर जंगल तोडायला गेलेली. तिथले लोक मीटरभर उंचीचे, हिरव्या लवेचे. त्यांना माणूस मारणं ठाऊकच नसतं. ते शिकतात ते आपल्याकडून. शेवटी ते जिंकतात आणि माणसं निघून जातात, पण मारायला शिकलेला समाज पुन्हा न शिकलेला होत नाही. लेखिकेसमोर व्हिएतनामचं युद्ध होतं. माझ्यासमोर तो पुडा होता.

अंदमानातल्याच नॉर्थ सेंटिनेल बेटावरच्या आदिवासींनी १९९१मध्ये पाण्यात उतरून नारळ घेतले होते, आणि २००४च्या त्सुनामीनंतर विचारपूस करायला गेलेल्या हेलिकॉप्टरवर बाण रोखला होता. पुस्तक वाचल्यावर दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा आशेची वाटते. कुणाला पटणार नाही.

चंद्रपूर

सगळे एका सुरात चाललेत म्हणून लिहितो. मी खाणीत काम करतो. या गोष्टींत खाणवाला म्हणजे सिगार ओढणारा नाहीतर येडा. साठा झाडाच्या खाली असेल तर बाजूने बोगदा मारून जाता येतं हे कुणाला सुचत नाही का? दीडशे वर्षं पुढचं तंत्रज्ञान, आणि डोकं ओपनकास्टचं, म्हणजे वरून सगळं खणून काढायचं. लेखकांना आमचं काम नीट बघायचंच नसतं.

बाजू विचारलीत तर मी त्या माणसांच्या बाजूने, जी यान चालवतात, डंपर हाकतात आणि ज्यांच्या घरी पैसे पोचायला हवेत. त्यांच्याबद्दल एक ओळ नसते. बाकी ओबी, म्हणजे कोळशावरची काढलेली माती-दगड, टाकायला जागा लागते तेव्हा गाव आणि झाड दोन्ही आड येतात हे मला शिकवू नका, सार्वजनिक सुनावणीत मी समोर बसलेला असतो.

सांगली

शिकवण्या घेते. रॉबर्ट फॉरवर्डची 'ड्रॅगन्स एग', १९८०. न्यूट्रॉन ताऱ्यावर, म्हणजे मेलेल्या ताऱ्याच्या गाभ्यावर, राहणारे चीला नावाचे जीव, तिळाएवढे, आणि आपल्यापेक्षा दहा लाख पट वेगाने जगणारे. सुरुवातीला रानटी. वर घिरट्या घालणारी माणसं त्यांना ज्ञान पाठवत राहतात, आणि बघता बघता ते माणसांच्या पुढे निघून जातात. मग ते आपल्याला शिकवतात, पण कुलूपबंद. किल्ल्या तुमच्या तुम्ही शोधा म्हणतात. माझी बाजू चीलांची, कारण इतकी चांगली शिकवण्याची पद्धत मला आजवर जमलेली नाही.

नागपूर

चंद्रपूरकर, बोगद्याचं पटलं. पण बोगद्यालाही ग्रामसभेचा ठराव लागतो, तो कोण आणणार, तुम्ही की मी?

चंद्रपूर

वकीलसाहेब, तुम्हीच आणा, फी कंपनी देईल. ती फझीची कादंबरी कुठे मिळते ते आधी सांगा.

नागपूर

प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आहे. कोर्टाचे प्रसंग शेवटी आहेत, सुरुवातीला कंटाळू नका.