नौपाड्याचे काका गेले. माझा रेडिओ त्यांच्याकडेच आहे, आत्ता जावं का?

कळवेकर
मंडळी, ज्यांना अजून कळलं नसेल त्यांच्यासाठी लिहितोय, आपल्याला जुने रेडिओ दुरुस्त करायला शिकवणारे नौपाड्याचे काका परवा पहाटे गेले. झोपेतच. मला शेजाऱ्यांचा फोन आला तोवर सगळे जवाहरबागेतल्या स्मशानातून परत आले होते, म्हणजे शेवटचं दर्शनसुद्धा झालं नाही आणि ते काही केल्या मनातून जात नाहीये.

मी या फोरमवर आलो तो आजोबांचा मर्फी रेडिओ घेऊन. फोटो टाकला तर काकांचं पहिलं वाक्य, "प्लग लावला नाहीस ना अजून?" आणि दुसरं, "अरे मर्फीचा कारखाना ठाण्यातच होता, हा माहेरी आलाय." मग सिरीज बल्ब कसा करायचा ते सांगितलं. फेजच्या वायरमध्ये ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब टाकायचा, आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो आणि रेडिओ वाचतो, सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. माझा मंद झाला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि काका फोनवरच होते.

पण १० मिनिटांनी आवाज फाटायचा. मी तो फाटका आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवला, तो ऐकून म्हणाले कपलिंग कंडेन्सर (आवाजाचा सिग्नल पुढे देणारा, पण डीसी अडवणारा) गळतोय, तो तापला की जास्त गळतो आणि आउटपुट व्हॉल्व्हच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या काचेच्या नळीच्या, ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज जातं, आता चालवू नकोस नाहीतर ट्रान्सफॉर्मर जाईल, घेऊन ये इकडे. नुसता आवाज ऐकून! गेल्या महिन्यात चादरीत गुंडाळून नेऊन दिला.

तर प्रश्न असा की काकूंना भेटायला तर जायचंच आहे, पण रेडिओचं काय? तेराव्याच्या आत विचारणं बरं दिसत नाही. आणि उशीर केला तर कुणी घर आवरताना भंगारात काढलं तर? आजोबांची तेवढी एकच वस्तू आहे आमच्याकडे. काय करू?

घणसोली_व्हॉल्व्ह
वाचून हात गळाले. गेल्या रविवारी बोललो होतो त्यांच्याशी.

मी आज धडधाकट आहे ते काकांमुळे असं मी घरी कायम सांगतो. माझा सेट एसी-डीसी, म्हणजे दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारा होता, मला त्यातलं काही माहीत नव्हतं, मागचं झाकण काढून धूळ झटकत बसलो होतो आणि शेजारी मुलगी, ३ वर्षांची. फोटोत काकांनी व्हॉल्व्हचे नंबर वाचले आणि मेसेज न करता सरळ फोन केला. आधी प्लग काढ, मग ऐक. म्हणाले, नंबर 'यू' ने सुरू होतात, म्हणजे सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर एका माळेत आणि बहुतेक मेन ट्रान्सफॉर्मर नसणारच, मेनची एक वायर थेट चासीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, प्लग उलटा बसला की अख्ख्या पत्र्यावर २३० व्होल्ट. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला मेनपासून वेगळा ठेवणारा) आणल्याशिवाय उघडायचा नाही असं माझ्याकडून वदवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन, मुलगी कुठंय, सेट कुठंय.

एक पैसा घेतला नाही कधी.

खाडीपलीकडची
कळवेकर, भेटायला उद्याच जा, पण रेडिओचा विषय काढू नका. काकूंना सगळं माहीत असतं, काका नेहमी फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायचे, मागून काकू "त्या ऐरोलीच्या मुलीला सांगा बल्ब बंद करून बघ" म्हणायच्या. ती मुलगी म्हणजे मी.

बाबांना शेवटच्या आजारपणात आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ऐकायची होती आणि आमच्या बिल्डिंगमध्ये मिडियम वेव्हवर नुसती खरखर. मला वाटलं रेडिओ गेला. काका म्हणाले रेडिओ ठणठणीत आहे, घरातला मेन स्विच पाड आणि सेलवरचा ट्रान्झिस्टर घेऊन खोल्याखोल्यांतून फीर. मेन पाडल्यावर खरखर अर्धी झाली! मग एकेक वस्तू चालू करत गेले तर २ एलईडी बल्ब आणि एक स्वस्तातला चार्जर. ते काढले, रेडिओ खिडकीपाशी आडवा-उभा फिरवून बघितला (आतल्या फेराइटच्या कांडीला दिशा असते, हे पण त्यांनीच सांगितलं) आणि ५५८ किलोहर्ट्झवर बातम्या स्वच्छ लागल्या. बाबा उठून बसले होते त्या दिवशी. काकांना मी कधी प्रत्यक्ष भेटलेच नाही हो, येते येते म्हणत राहिले.

जुना_डायल
भावपूर्ण श्रद्धांजली.

एक महत्त्वाचं, जे कोणी जाल त्यांनी काकूंना हळूच एवढं सांगा की डब्यांतले व्हॉल्व्ह कुणी ओल्या फडक्याने पुसू नका. काचेवरचा नंबर निघून जातो आणि मग तो व्हॉल्व्ह कुठला ते ओळखता येत नाही. आणि त्यांच्या वह्या, विशेषतः डायलचा काटा सरकवणाऱ्या दोरीच्या आकृत्या, त्या जपा. कंपनीचे कागद आता कुठे मिळतात, काकांनी एकेक सेट उघडून हाताने काढल्यात त्या. भंगारवाल्याला त्यात रद्दीच दिसणार.

कळवेकर
सगळ्यांचे आभार. पहिल्यांदा गेलो तेव्हा नुसता बसून आलो. काल परत गेलो, तेरावा होऊन गेलाय, मी काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "तुझा मर्फी ना? ये आत."

टेबल तसंच आहे. सोल्डरिंगच्या स्टँडवर अर्धवट शिशाची तार, चष्मा, आणि ११ सेट, प्रत्येकावर चिकटपट्टीचा तुकडा लावून पेनाने लिहिलेलं. माझ्यावर "कळवा. कपलिंग बदलला, ६३० व्होल्ट. आवाज छान. दोरी बाकी." खाली तारीख, जायच्या आदल्या दिवसाची. माझ्याच्याने तिथे उभं राहवेना.

काकू म्हणाल्या ज्यांचे ज्यांचे आहेत त्यांना कळव, आणि वह्यांचे फोटो काढून सगळ्यांना दे, त्यांना आवडलं असतं. घणसोलीकर, तुमचा पण एक आहे तिथे. खाडीपलीकडची, काकूंनी तुम्हाला बोलावलंय.

दोरी मी स्वतः ओवणार आहे. वहीत माझ्या मॉडेलचं पान सापडलं पण ट्यूनिंगच्या दांड्यावर किती वेढे ते शाई पसरल्यामुळे कळत नाही. कुणी सांगेल का?

जुना_डायल
तीन घे, दोनवर घसरते. वेढे एकमेकांवर चढू देऊ नकोस. गँग (स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर) पूर्ण मिटवून सुरुवात कर, म्हणजे काटा ५५० च्या टोकाला येईल, आणि स्प्रिंग ड्रमच्या, म्हणजे गँगवरच्या चाकाच्या, आत शेवटी अडकव. शिवणाचा दोरा वापरू नकोस, ताणतो. माझ्याकडे विणीची नायलॉन दोरी आहे, काकांनीच दिलेली. रविवारी सकाळी येतो घेऊन, कळवा स्टेशनला पूर्वेला उभा राहा.