मदत हवी: सकाळी चूल पेटवली की धूर पाइपातून न जाता घरात येतो

राजेहो, घाटंजीकडे खेड्यात घर आहे. सिलिंडर असलं तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. दिवाळीनंतर विटामातीची, दोन तोंडांची निर्धूर चूल बांधून घेतली. मागून चार इंची सिमेंटचा पाइप कवेलूंतून वर काढलाय. संध्याकाळी मस्त ओढते. सकाळी पेटवली की पहिला बराच वेळ धूर पुढूनच घरात. आई फुकणी घेऊन बसते नि म्हणते, "हे कायची निर्धूर बापा, जुनीच बरी होती." लाकूड बाभळीचं, उन्हाळ्यात फोडून सुकवलेलं, पेटवायला तुराट्या. पाइपात काजळी नाही. मिस्त्री म्हणतो पाइप बदला. काय करावं?

वऱ्हाडी_काका: पाइप बदलू नका. लाकूड तेच, चूल तीच, फक्त वेळ वेगळी. सध्याच्या थंडीत रात्रभरात पाइपातली हवा गार होऊन जड होते आणि बुचासारखी बसते. सकाळचा धूर कोमट, त्याच्यात तिला वर ढकलायची ताकद नसते. आधी पाइप तापवा. मागच्या तोंडातून पाइपाच्या बुडाशी चुरगळलेला पेपर पेटवून सरकवा आणि लगेच ते तोंड पातेल्यानं झाका. झाकलं नाही तर पाइप तिथूनच घरातली हवा ओढतो, पुढच्या जाळाला ओढ मिळत नाही. ज्वाळा पाइपाकडे वाकली की मग पुढे तुराट्या. बाभूळ सगळ्यात शेवटी. गार चुलीत जाड लाकूड नुसतं धुमसतं, त्यातून माती ओली असेल तर विचारूच नका. पहिला बराचसा जाळ चूलच पिते.

माहेर_आर्वी: थंडीमुळं दारंखिडक्या बंद असतात ना? एक फट ठेवा. धुरासोबत जेवढी हवा वर जाते तेवढी आत यायला नको का? आणि यंदाची पऱ्हाटी (कपाशीची उपटलेली झाडं) इतक्यात जाळू नका, उपटल्यावर ती ओली असते. (पऱ्हाटीची गंजी फार दिवस ठेवायचीही नसते म्हणा, गुलाबी बोंडअळी त्यातच राहते.)

गावकरी_७: आमच्याकडे रात्री गवरीचा विस्तव राखेत दाबून ठेवतात. चूल पार गार होतच नाही.

वऱ्हाडी_काका: @गावकरी_७, स्वयंपाकघर वेगळं आणि हवेशीर असेल तर ठीक. त्याच खोलीत कोणी दार लावून झोपत असेल तर नको. त्या विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, डोळ्यांत चुरचुर नाही.

धागाकर्ता: पेपरचा उपाय लागू पडला काका! आई आता फुकणीशिवाय पेटवते. पण वारं सुटलं की अजून मधूनच धूर मागे फिरतो.

वऱ्हाडी_काका: पाइप आड्याच्या (छपराच्या माथ्याच्या) वर गेलाय का? नसेल तर वारा छपरावरून खाली उतरताना धूर परत कोंबतो. एक तुकडा जोडून आड्यापेक्षा दोनेक फूट वर न्या, वर टोपी बसवा. पाइप गरम होतो, तेव्हा छपराची लाकडं त्याला टेकू देऊ नका.