मदत हवी आहे: घरी बनवलेल्या छोट्या एलईडी दिव्याला कुठला सेल लावू?

चिकटपट्टी:
लोकहो, जरा अर्जंट आहे. छोटासा एलईडी दिवा बनवलाय, काडेपेटीएवढी डबी आहे, त्यात २०३२ बटन सेल टाकला तर आधी झकास उजेड पडतो आणि मग बघता बघता मंद होत जातो. सेल बदलला तरी तेच. मीटर लावला तर सेल व्यवस्थित तीन व्होल्ट दाखवतोय, म्हणजे मेलेला नाही, आणि रात्रभर बंद ठेवला की सकाळी परत थोडा वेळ छान लागतो. कुठला सेल लावू तेवढंच सांगा, सर्किटचं लेक्चर नको प्लीज.

खुडबुड्या:
एलईडी किती, कुठल्या रंगाचे, करंट आटोक्यात ठेवणारा रेझिस्टर किती ओहमचा, रोज किती वेळ चालवणार? यातलं काहीच न सांगता 'तेवढंच सांगा' म्हटलं तर सांगणार काय राव?

दिवाभीत:
लिथियमचा रिचार्जेबल १८६५० सेल टाका, विषय संपवा. माझे सगळे टॉर्च त्यावरच आहेत.

खुडबुड्या:
६५ मिलिमीटर लांबीचा सेल काडेपेटीत?

दिवाभीत:
मग डबी बदला. सेल चांगला घ्यायचा आणि डबी त्याच्या मापाची करायची, उलटं नाही.

चिकटपट्टी:
डबी बदलणार नाही, तिला क्लिप चिकटवून झालीये. एलईडी पांढरे, साधे पाच एमएमवाले, सहा. सगळे प्लस एकत्र, सगळे मायनस एकत्र. रेझिस्टर नाही लावला, ज्या व्हिडिओवरून बनवला त्यात पण नव्हता.

खुडबुड्या:
हां, आता कळलं. सहा एलईडी पॅरललमध्ये, प्रत्येकाला पूर्ण उजेडासाठी २० मिलिअँपिअर, म्हणजे १२० झाले. २०३२ हा घड्याळ, रिमोट असल्या किरकोळ कामाचा सेल, त्याच्या आतला रेझिस्टन्सच इतका की एवढा करंट ओढला की व्होल्टेज बसतं. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टच्या आसपास लागतात, अडीचला तो नुसता मिणमिणतो. मीटर तीन दाखवतो कारण मोजताना तुम्ही सेलवर लोडच टाकत नाही. दिवा चालू ठेवून मोजा, मग बघा. आणि रात्रभर आराम मिळाला की सेल थोडा सावरतो, म्हणून सकाळचा तो उजेड.

फुकटसल्ला:
सोलर पॅनल लावा, सेलची कटकटच नको.

चिकटपट्टी:
अहो, अंधारात वापरायचाय.

फुकटसल्ला:
दिवसा चार्ज होईल ना.

खुडबुड्या:
चार्ज होईल, पण कशात? सेलमध्येच ना? मग मूळ प्रश्न तिथेच राहिला.

जुनाजाणता:
बटन सेलवर रेझिस्टर लागत नाही हे मात्र बरोबर आहे, सेलचा आतला रेझिस्टन्सच ते काम करतो. एकच एलईडी लावून बघा, मस्त चालेल. उगाच घाबरवू नका लोकांना.

खुडबुड्या:
एकाला चालतं, सहांना नाही. शिवाय पॅरललमध्ये सगळे एलईडी सारखे नसतात, ज्याचं व्होल्टेज जरा कमी तो जास्त करंट खातो. उद्या मोठा सेल लावला की तोच आधी जाणार. प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर हवा.

मनीमाऊची_आई:
विषयांतर होतंय पण घरात लहान मूल असेल तर बटन सेलची डबी स्क्रूने बंद होईल अशी करा. पोराने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, तसं झालं तर घरगुती उपाय करत न बसता थेट हॉस्पिटल.

चिकटपट्टी:
लहान मूल नाहीये घरात, तरी धन्यवाद. पण सेल कुठला???

वाचनमात्र:
वापर कशासाठी ते अजून सांगितलं नाहीत तुम्ही.

चिकटपट्टी:
पुस्तकाला लावायला! क्लिप म्हटलं ना वर. रोज झोपताना तासदोन तास.

वाचनमात्र:
मग वजन महत्त्वाचं. १८६५० पंचेचाळीस ग्रॅमच्या वर जातो, पातळ पुस्तकाचं पान वाकेल. तीन बारके पेन्सिल सेल (ट्रिपल ए) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक लावा, साडेचार व्होल्ट मिळतात. आणि सहा एलईडी कशाला, वाचायला तीन पुरे. प्रत्येकाला १०० ओहम लावलात तर नवीन सेलवर १४ मिलिअँपिअरच्या आसपास जातील, म्हणजे तिघांचे ४० च्या वर. अल्कलाइन ट्रिपल ए साधारण १००० मिलिअँपिअर-तासांचा, वीसेक तास तरी निघतील, शेवटी शेवटी उजेड कमी होत जाईल ते सोडा.

दिवाभीत:
आणि दर पंधरा दिवसांनी सेल फेका. लिथियमचा चपटा पाऊच सेल आणि ४०५६ चार्जिंग मॉड्यूल लावा ना.

खुडबुड्या:
ते मॉड्यूल तसंच लावलं तर एक अँपिअरने चार्ज करतं, ३०० मिलिअँपिअर-तासांच्या पिटुकल्या पाऊचला ते झेपणार नाही, फुगेल. त्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून १० किलोओहमचा टाकायला लागतो. ज्याने अजून एलईडीला रेझिस्टर लावला नाही त्याला हे सांगताय?

चिकटपट्टी:
ओ, मी इथेच आहे. फेकाफेकी नको असेल तर रिचार्जेबल ट्रिपल ए चालतील का?

वाचनमात्र:
निकेल-मेटलवाले चालतील. एकेक १.२ व्होल्टचा, तीन मिळून ३.६ च होतात, म्हणून तेव्हा १०० च्या जागी ४७ ओहम. पण मग त्यात अल्कलाइन घालू नका, करंट जास्त जाईल.

जुनाजाणता:
ट्रिपल एसारखेच दिसणारे लिथियमचे १०४४० पण येतात, ते ३.७ व्होल्टचे असतात. तीन सिरीजमध्ये लावले तर अकरा व्होल्ट, दिवे गेलेच. घेताना वर काय लिहिलंय ते वाचा.

चिकटपट्टी:
ओके, तीन रिचार्जेबल, ४७ ओहम, तीन एलईडी. सेल डबीच्या बाहेर मागच्या बाजूला होल्डरमध्ये लावतो, पुस्तकाच्या कव्हरमागे राहील. स्विच प्लसच्या वायरला की मायनसच्या?

खुडबुड्या:
कुठल्याही.

दिवाभीत:
प्लसलाच लावा.

खुडबुड्या:
का बरं?