बायप्लेनला, म्हणजे एकावर एक असे पंख असलेल्या विमानाला, मराठीत काय म्हणावं? द्विपंखी, दुपाखी की दुमजली?

दोन महायुद्धांच्या मधल्या जर्मन लढाऊ विमानांवर शाळेतल्या मुलांसाठी लिहितोय आणि पहिल्याच ओळीत अडलोय. हाइंकेल ५१ ला 'द्विपंखी' लिहिलं तर लेक म्हणते, बाबा सगळ्याच विमानांना दोन पंख असतात ना, एक डावीकडे एक उजवीकडे!

– लेकीचं बरोबर आहे. जर्मन लोक पंख मोजतच नाहीत, मजले मोजतात. बायप्लेन म्हणजे डॉपलडेकर, शब्दशः आपली डबलडेकर बस. पहिल्या महायुद्धातल्या फोकर डी-७ मधला डी तोच, आणि तीन मजल्यांचं ते ड्रायडेकर. म्हणून माझं मत दुमजली.

– दुपाखी का नको? अस्सल मराठी आहे.

– दुपाखी घराची दोन पाखी आढ्याच्या दोन बाजूंना उतरतात, एकावर एक नसतात, म्हणजे लेकीची शंका तिथेच राहते. हाइंकेल ५१ चं छोटं मॉडेल जोडलंय मी, वरचा पंख लांब, खालचा आखूड, मध्ये इंग्रजी एन अक्षरासारखे खांब, ते चिकटवताना अक्षरशः माळा चढवल्यासारखं वाटतं. स्पेनच्या यादवीत १९३६ ला हे विमान सोव्हिएत आय-१५ या लढाऊ विमानाच्या तुलनेत मागे पडलं (तेही दुमजलीच) आणि मग जमिनीवरच्या हल्ल्यांना वापरलं गेलं.

– खालचा पंख फारच लहान असेल तर जर्मनमध्ये आणखी एक शब्द आहे, आंडर्टहाल्बडेकर. आंडर्टहाल्ब म्हणजे दीड! व्हर्सायच्या तहाने लढाऊ विमानं ठेवायला बंदी होती म्हणून जर्मन वैमानिक १९२५ पासून रशियात लिपेत्स्कला गुपचूप शिकायचे, तिथलं फोकर डी-१३ असं दीडमजली होतं, विमान डच बनावटीचं. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की आंडर्टहाल्बचा मूळ अर्थ 'दुसरा अर्धा', म्हणजे एक पूर्ण आणि दुसरा अर्धा, आणि आपला दीड पण द्वि आणि अर्ध यातूनच आलाय, तोच हिशोब. इंग्रजीत दीडला असा एकच सुटसुटीत शब्द नाही, आपल्याकडे तयार आहे तर वापरूया की.

– ठरलं मग. पहिल्यांदा 'दुमजली पंखांचं विमान' लिहितो, पुढे नुसतं दुमजली. लिपेत्स्कवाल्याला दीडमजली. लेकीला वाचून दाखवलं, तिने लगेच दोन्ही चित्रं काढली.