सातारकरहो की सातारकरांनो?

माहुली:
आमच्या पेठेतल्या गणेश मंडळाच्या फलकाचा मजकूर माझ्याकडे आलाय. मी ‘सातारकरांनो’ लिहिलं, तर दोघे ज्येष्ठ ‘सातारकरहो’च पाहिजे म्हणून अडून बसलेत. रंगवणाऱ्याने तर ‘सातारकरांनों’ असं दोनदा टिंब दिलंय. बरोबर काय धरू?

कृष्णाकाठ, सांगली:
पहिली दोन्ही बरोबर. ‘नों’वरचं टिंब मात्र पुसायला लावा. ‘रां’वरचा अनुस्वार अनेकवचनी सामान्यरूपाचा आहे, ‘नो’ हा संबोधनाचा प्रत्यय, त्यावर अनुस्वार येत नाही. ‘हो’ सामान्यरूपाला लागत नाही, सरळ अनेकवचनाला लागतं. ‘श्रोता’ घेऊन बघा, लगेच कळेल: श्रोतेहो, पण श्रोत्यांनो. ‘हो’ला व्यासपीठ लागतं. ‘पोरांनो, जेवायला चला’ असंच आई म्हणते, ‘पोरंहो’ कुणी म्हणत नाही.

एकवचनात तर आणखी बघण्यासारखं आहे. संस्कृतात हाक मारताना ‘देवः’चा विसर्ग जातो आणि ‘देव’ उरतो; मराठीत ‘देवा’ होतं. विठ्ठलाच्या आरतीत ‘जय देव जय देव जय पांडुरंगा’ म्हणतो ना, त्या एका ओळीत दोन्ही रीती शेजारी उभ्या आहेत. इतकी वर्षं टाळ्या वाजवत म्हटलं, आणि ज्या दिवशी हे लक्षात आलं त्या दिवशी आरती संपेपर्यंत मी तेवढंच ऐकत होतो.

पाणिनीने संबोधनाला वेगळी विभक्ती दिली नाही; ‘सम्बोधने च’ (२.३.४७) म्हणून प्रथमेतच बसवलं. मराठीत मात्र ते वेगळंच मोजावं असं माझं मत. ‘मुलगा’ आणि ‘मुला’, ‘गडी’ आणि ‘गड्या’ यांना एक विभक्ती कशी म्हणायची? लॅटिनमध्येही ब्रूटसला हाक मारताना ‘ब्रूटे’ होतं.

माहुली:
आजी आमच्या सुमीआत्याला ‘सुमे’ म्हणायची. ते यातलंच का?

कृष्णाकाठ, सांगली:
यातलंच. ‘सीते’, ‘राधे’ संस्कृतातून आले, पण ‘सुमे’, ‘बये’, ‘कारटे’ ही बोलीची स्वतःची कमाई. ‘मुली’ला हाक मारताना ‘मुली’च राहतं, हा ‘ए’ लाडात आणि रागात तेवढा टिकलाय. आजीची हाक लिहून ठेवा.

कोरेगावचा वाचक:
एक राहिलं. मान द्यायचा झाला की रूप हलत नाही. ‘आरं पाटला’ बरोबरीच्याला, पण ‘आवं पाटील’. दारात आलेल्या सोयऱ्याला ‘या पाव्हणं’ म्हणायचं. ‘पाव्हण्या’ म्हणायला एक तर सलगी पाहिजे, नाहीतर भांडण.

माहुली:
फलकावर ‘सातारकरहो’ ठेवतो, ज्येष्ठांचं मन राहील. खाली चित्रकला स्पर्धेच्या ओळीत ‘मुलांनो’. टिंब आत्ताच पुसून आलो.