चेक इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा लागतो : पी०१७१ कोडचे कारण घरी कसे शोधावे?

प्रश्न
नमस्कार. माझी गाडी बीएस-४ काळातील पेट्रोल हॅचबॅक असून तिला नंतर सीक्वेन्शियल सीएनजी किट बसवून घेतले आहे. गेल्या काही महिन्यांपासून डॅशबोर्डवरील चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. ब्लूटूथ स्कॅनर जोडल्यावर दर वेळी पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी, हा एकच कोड मिळतो. तो पुसला की दिवा काही दिवस बंद राहतो आणि पुन्हा लागतो. पिकअप व आयडलिंग दोन्ही ठीक आहेत. गॅरेजमध्ये पुढचा ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधील धुरात किती ऑक्सिजन उरला ते मोजणारा) बदलायला सांगितले आहे, परंतु कारण निश्चित होण्याआधी एवढा खर्च करावा असे वाटत नाही. घरी आणखी काय तपासता येईल?

प्रतिसाद १
दिवा स्थिर असेपर्यंत आणि गाडी नेहमीसारखी चालत असेपर्यंत घाबरण्याचे कारण नाही. मात्र तो लुकलुकू लागला तर गाडी बाजूला घ्यावी, कारण त्या वेळी मिसफायर होत असते, म्हणजे इंजिनात इंधन नीट पेटत नसते, आणि न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळून निकामी होऊ शकतो.

दुसरे म्हणजे, यापुढे कोड पुसण्याची घाई करू नका. कोड नोंदला गेला त्या क्षणीचे आरपीएम, वेग, इंजिनचे तापमान आणि लोड ईसीयू (इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक) ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणून जपून ठेवतो, आणि कोड पुसताच ही माहितीही जाते. सेन्सरबद्दल सांगायचे तर पी०१७१ हा सेन्सर बिघडल्याचा कोड नव्हे. त्याच्या हीटरचे सर्किट खराब असते तर पी०१३५ मिळाला असता. येथे सेन्सर बहुधा आपले काम चोख करीत आहे, आणि त्यालाच काढून टाकण्याचा सल्ला तुम्हाला मिळाला आहे.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे. स्कॅनरच्या ॲपमध्ये ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ हा आकडा पाहा. ठरलेल्या मापापेक्षा ईसीयूला किती टक्के इंधन वाढवावे किंवा कमी करावे लागत आहे, हे त्यावरून कळते. तो साधारण अधिक-उणे दहाच्या आत असावा.

अशा कोडसाठी व्हॅक्युम गळती, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतील (इनटेक मॅनिफोल्डमधील) फट, शोधण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण आपल्याकडील अनेक लहान गाड्यांत हवेचे प्रमाण मॅप सेन्सरवरून, म्हणजे याच मॅनिफोल्डमधील दाबावरून, काढले जाते. तेथे गळती झाली तर दाब वाढलेला दिसून ईसीयू इंधनही वाढवतो, त्यामुळे मिश्रण बिघडण्याऐवजी आयडलिंगचे आरपीएमच चढलेले दिसतात. तुमचे आयडलिंग स्थिर असल्यामुळे मी त्या दिशेने वेळ घालवणार नाही.

त्याऐवजी इंजिन पूर्ण गरम झाल्यावर तोच रस्ता आधी फक्त पेट्रोलवर आणि मग सीएनजीवर चालवून दोन्ही वेळचे ट्रिम लिहून ठेवा. मोड बदलल्यावर आकडा स्थिरावण्यासाठी पुरेसे अंतर जाऊ द्या. दोन्हींवर तो सारखाच चढलेला असेल, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे) गॅस्केट तपासायला हवे. सकाळी इंजिन थंड असताना सुरू केल्यावर तेथे फटफट आवाज येतो का आणि जोडाच्या कडेला काजळीची काळी रेघ दिसते का, ते पाहा. सेन्सरच्या आधी फट असली की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. पेट्रोलवर ट्रिम अधिक ६ च्या आसपास राहतो, तर सीएनजीवर तो वाढत जाऊन अधिक २३ वर थांबतो. फ्रीझ फ्रेममधील नोंद महामार्गावरील वेगाची आहे. गॅस्केटपाशी आवाज किंवा काजळी नाही.

प्रतिसाद २
म्हणजे सेन्सरला हात लावण्याचे कारण उरले नाही. पेट्रोलवरचा सहाचा आकडाही चिंतेचा नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला त्याच हवेसाठी थोडे जास्त इंधन लागते, म्हणून तो काहीसा वर राहतोच. दोष गॅसच्या बाजूला आहे, आणि जास्त वेगात इंधन कमी पडत असल्यामुळे माझा पहिला संशय गॅस फिल्टर तुंबल्याचा, त्यानंतर रिड्यूसरमधून (सिलिंडरमधील गॅसचा दाब उतरवून तो इंजिनाला देणाऱ्या भागातून) येणारा दाब कमी झाल्याचा. हे काम मात्र घरी करू नये, कारण गॅस सिलिंडरपासून रिड्यूसरपर्यंतच्या नळीत सुमारे २०० बार दाब असतो. अधिकृत सीएनजी केंद्रात आधी फिल्टर बदलून, मग इंजिन गरम असताना किटचे कॅलिब्रेशन (गॅसच्या प्रमाणाची जुळणी) करून घ्या, आणि तेथून निघण्यापूर्वी सीएनजीवरचा ट्रिम दहाच्या आत आला आहे का, ते स्वतःच्या स्कॅनरवर पाहा.